छप्पर उडाले, रोपांचे काय?

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात, धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करीत घाट चढला आणि संध्याकाळपर्यंत पुणे जिल्ह्यातून पुढे सरकला. कोकणातील उन्मळलेल्या बागांची आणि उघड्या पडलेल्या घरांची चर्चा झाली, ती होणे उचितच होते. परंतु घाटमाथ्यावर मावळ तालुक्यात त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रकारची शेती जमीनदोस्त झाली. तिच्याविषयी चार दिवस छायाचित्रे छापून आली आणि मग सर्वत्र शांतता पसरली. ही शेती हरितगृहांची, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील 'पॉलिहाऊस'ची. जस्तलेपित लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद, आणि आत गादीवाफ्यांवर गुलाब, जरबेरा, कार्नेशन किंवा रंगीत ढोबळी मिरची. २५ मार्चपासूनच्या देशव्यापी टाळेबंदीने लग्नसराईचा सारा मोसम आधीच गिळला होता आणि विकली न गेलेली फुले तोडून फेकावी लागली होती. वादळाने त्यावर कळस चढविला.

त्या घटनेला वर्षे लोटली. मग आज तिची आठवण कशासाठी? एवढ्याचसाठी की तिच्यातून जो धडा घ्यावयास हवा होता, तो शासनाने घेतलेला नाही, आणि पुढचे वादळ आपली वाट पाहत थांबणार नाही. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. २०२० मध्ये 'निसर्ग' आले, मे २०२१ मध्ये 'तौक्ते'. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा व विदर्भ झोडपून काढला, तो अनुभवही जुना झालेला नाही. वळवाचा एखादा जोरदार झोतसुद्धा कागद फाडण्यास पुरेसा असतो. तेव्हा प्रश्न वादळ येईल की नाही, हा नाही. वादळ गेल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत आपण काय करणार, हा आहे.

ह्या दहा दिवसांचे महत्त्व समजावून घेतल्याखेरीज पुढील विवेचन पटणार नाही. सर्वसाधारण समज असा की वादळाने पॉलिहाऊस पाडले, म्हणजे आतील पीकही त्याच क्षणी संपले. वस्तुस्थिती तशी नसते. सांगाडा वाकतो, कागदाच्या चिंध्या होतात, आधाराच्या तारा तुटतात. पण त्याखाली दबलेल्या रोपांपैकी पुष्कळशी जिवंत असतात. ती मरतात नंतर, हळूहळू, आणि बव्हंशी टाळता येण्याजोग्या कारणांनी. गादीवाफ्यांमधील चरांत पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि दोन-तीन दिवसांत मुळे कुजू लागतात. जरबेराच्या गाभ्यात, म्हणजे जिथून पाने फुटतात त्या जागी, चिखल बसला की तेथूनच सड सुरू होते. गुलाबाच्या मोडक्या फांद्या तशाच राहिल्या की जखमेतून रोग शिरतो. ओलसर, कोंदट हवेत डाउनी आणि बोट्रायटिस ह्यांचा फैलाव आगीसारखा होतो. याच्या उलट, आच्छादनाच्या मऊ उजेडात वाढलेली कोवळी पाने पाऊस उघडताच पडणाऱ्या प्रखर उन्हात करपतात. ढोबळी मिरचीची रोपे तर सुतळीने वरच्या तारेला बांधलेली असतात. सांगाडा खचला की त्याच्या वजनाने रोपे ओढली जातात आणि बुंध्यापाशी चिरतात.

ह्या प्रत्येक संकटावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. प्रथम विजेचा प्रवाह बंद करून, लोंबणाऱ्या नळ्यांना टेकू देऊन, आत जाणे निर्धोक करावयाचे. फाटलेला कागद ओढून न काढता कापून, तुकड्या-तुकड्यांनी उचलावयाचा, कारण ओढलेला कागद उभ्या रोपांची शेंडे मोडून नेतो. चर मोकळे करून त्याच दिवशी पाण्याला वाट द्यावयाची आणि ठिबकमधून जाणारे खत-पाणी थांबवावयाचे. ढोबळी मिरचीच्या सुतळ्या सैल करून, तयार फळे काढून घेऊन रोपांचा भार हलका करावयाचा. मोडक्या फांद्या धारदार आणि निर्जंतुक केलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत छाटावयाच्या. जरबेराच्या गाभ्यावरील माती बाजूला करून, पाने स्वच्छ पाण्याने धुऊन, मग बुरशीनाशकाची फवारणी करावयाची. कागद मिळेपर्यंत बांबूच्या किंवा उरलेल्या नळ्यांच्या आधाराने शेडनेटचे तात्पुरते छप्पर उभारावयाचे. आठवडाभराने नवी पालवी दिसू लागली, की पावसाने वाहून गेलेल्या अन्नद्रव्यांची भरपाई हलक्या मात्रेने सुरू करावयाची. यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. मावळातील कोणतीही अनुभवी मजूर स्त्री हे सारे जाणते. मात्र त्यासाठी चार गोष्टी वेळेवर लागतात: माणसांचे हात, शेडनेट व कागद, पाणी उपसण्याचा पंप, आणि मजुरी देण्यापुरती रोकड. वादळानंतरच्या आठवड्यात नेमक्या ह्याच चार गोष्टी लहान शेतकऱ्यापाशी नसतात.

आणि येथेच आपल्या मदत-व्यवस्थेचे अंतर्विरोध उघडे पडतात. आपल्याकडे नुकसानीची मदत पंचनाम्यावर अवलंबून असते. २०२० मध्ये तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मिळून तो करावयाचा होता. विजेचे खांब पडलेले, रस्त्यांवर झाडे आडवी, त्यात साथीचा काळ. एकेका कर्मचाऱ्याकडे अनेक गावे. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण व्यवस्थेचा परिणाम काय झाला? 'साहेब येऊन पाहीपर्यंत काही हलवू नका' असा सल्ला गावोगाव फिरू लागला. पडझड आवरली तर नुकसान कमी दिसेल, मदत बुडेल, ह्या भीतीने शेतकरी आपल्याच जिवंत रोपांकडे हात बांधून पाहत बसला. रोपे वाचविणाऱ्याला तोटा आणि रोपे मरू देणाऱ्याला पुरावा, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शासनाने उत्पादनसाधनाच्या नाशाला प्रोत्साहन ठेवले आणि रक्षणावर दंड बसविला.

हा विरोध वादळापूर्वीही जाणवतो. वारा वाढू लागला की चारी बाजूंचे पडदे बंद करावेत, म्हणजे वारा आत शिरून छप्पर उचलणार नाही. आणि तरीही छप्पर उचलू लागले, तर कागद कापून टाकावा, म्हणजे सांगाडा वाचेल, हे शहाणपण जाणकार शेतकऱ्यापाशी असते. पण स्वतःच्या हाताने कापलेला कागद पंचनाम्यात नुकसान ठरेल काय, ही शंका ऐन क्षणी त्याचा हात धरते. कागद वाचविण्याच्या नादात सांगाडा जातो आणि सांगाड्याखाली रोपे.

आता आकड्यांकडे वळू, कारण खरा अन्याय तेथे लपलेला आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैसर्गिक वायुवीजनाच्या, नळ्यांच्या सांगाड्याच्या हरितगृहाचा ५०० ते १००८ चौरस मीटर आकारासाठी खर्च प्रति चौरस मीटर ९३५ रुपये धरला होता. गुलाबाची लागवड-सामग्री व मशागत यांसाठी प्रति चौरस मीटर ४२६ रुपये, जरबेरा व कार्नेशनसाठी ६१० रुपये. दहा गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. ह्या हिशेबाने दहा गुंठ्यांच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसची किंमत शासनाच्याच दराने १३ लाख ६१ हजार रुपये होते. त्यातील निम्मे अनुदान, उरलेले निम्मे, म्हणजे ६ लाख ८० हजारांहून अधिक, शेतकऱ्याचे. आणि ते बहुधा बँकेच्या कर्जाचे. प्रत्यक्ष बाजारभाव ह्याहून चढे असतात, तो भाग वेगळाच.

ह्या मालमत्तेवर आपत्ती कोसळली असता मदत कशी मोजली जाते? हेक्टरवर. २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या आपत्ती-निधीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी २२ हजार ५०० रुपये हा दर होता. दहा गुंठे म्हणजे हेक्टराचा दहावा हिस्सा. तेव्हा ह्या दराने होतात २ हजार २५० रुपये! 'निसर्ग' वादळानंतर महाराष्ट्र शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये असा वाढीव दर जाहीर केला होता. तो जसाच्या तसा लावला तरी ५ हजार रुपये होतात. साडेतेरा लाखांच्या साधनाला पाच हजारांचा आधार! हा दर ठरविणाऱ्यांच्या मनात ज्वारी-बाजरीचे किंवा आंबा-काजूचे शेत होते, आणि त्या शेतांसाठीसुद्धा तो अपुराच आहे. परंतु ज्या शेतीत भांडवल हेक्टरावर नसून गुंठ्यावर साठविलेले आहे, तेथे हेक्टराची मोजपट्टी लावणे म्हणजे सोने धान्याच्या मापाने मोजण्यासारखे आहे. २०१६ पासूनची पीक विमा योजना अधिसूचित पिकांसाठी आहे. पॉलिहाऊसच्या सांगाड्याला ती शिवत नाही. कर्ज देताना बँका खासगी विमा उतरवून घेतात, पण तेथे मुख्यत्वे बँकेच्या तारणाची काळजी वाहिली जाते. रोपांची आणि मजुरीची काळजी त्यात क्वचितच दिसते.

त्या वर्षी दिवाळीनंतर प्रस्तुत लेखकाला पवन मावळातील एका गावी जाण्याचा योग आला. एकाच शिवारात, बांधाला बांध लागून, दोन भावकीतील शेतकऱ्यांची पॉलिहाऊसे होती. दोन्ही ३ जूनच्या दुपारी सारखीच पडली होती. एकाने दुसऱ्याच दिवशी घरच्या माणसांना व शेजाऱ्यांना हाताशी धरून चर मोकळे केले, मेहुण्याच्या पडीक नर्सरीतील जुनी शेडनेट आणून बांबूंवर ताणली. त्याची निम्म्याहून अधिक गुलाबाची रोपे जगली. सांगाडा अद्याप वाकडाच होता, पण रोपांना कळ्या होत्या. दुसऱ्याने पंचनाम्याची वाट पाहिली. पंचनामा नवव्या दिवशी झाला. लेखकाने पाहिले तेव्हा त्याच्या सांगाड्यात कमरेइतके गवत माजले होते. गुलाबाची नवी लागवड फुलावर यायला चार-पाच महिने लागतात; त्या काळात बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. दोघांच्या कष्टाळूपणात काडीचा फरक नव्हता. एकाकडे उसनी शेडनेट मिळण्याची सोय होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्या दुसऱ्या पॉलिहाऊसवर पूर्वी सात बाया कामाला येत. फुले काढणे, निवडणे, बांधणे, छाटणी, फवारणीची मदत, हे सारे त्यांच्या हातचे. त्यांच्यापैकी एकजण वाटेत भेटली. मदत किती मिळाली, असे विचारता ती म्हणाली, "सर, जमीन मालकाची, कर्ज मालकाचं, म्हणून पंचनामाही मालकाचाच. आमचा रोज बुडाला, तो कुठल्या कागदावर लिहायचा?" ह्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याचे नुकसान आपल्या व्यवस्थेला दिसतच नाही. मार्चपासून टाळेबंदीने आणि जूनपासून वादळाने त्या सात घरांची चूल अडचणीत आली. आणि गंमत अशी की, रोपे वाचविण्यासाठी ज्या हातांची निकडीने गरज होती, ते हात त्याच आठवड्यात कामावाचून घरी बसून होते. मालकाकडे मजुरी द्यायला पैसे नव्हते म्हणून!

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्याच वाचकांकडून घेतला जाईल. ज्या राज्यात कोरडवाहू शेतकरी दुष्काळाने मोडून पडतो, तेथे परदेशी बाजारासाठी गुलाब पिकविणाऱ्यांच्या छपरांची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? आक्षेप गंभीर आहे. १९९१ नंतर निर्यातीच्या नावाखाली ह्या क्षेत्रात मोठे भांडवल उतरले, सवलती लाटल्या गेल्या, आणि त्यांतील कित्येक प्रकल्प कर्जे थकवून बंद पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या भांडवलाला सरकारी तिजोरीतून पुन्हा उभे करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु दहा-वीस गुंठ्यांत स्वतः राबणारे कुटुंब आणि एकरांवर पसरलेली कंपनी ह्यांना एकाच तागडीत तोलणे हा विचाराचा आळस होय. धरणे, कारखाने आणि रस्ते यांनी ज्याची जमीन कुरतडून गुंठ्यांवर आणली, त्याने त्या गुंठ्यांतून पोट भरण्याचा हा मार्ग पत्करला, आणि शासनानेच अनुदानाचे आमिष दाखवून त्याला या मार्गावर आणले. शिवाय त्या साधनात निम्मा पैसा जनतेचा आहे. जनतेचा पैसा साध्या शेडनेटच्या अभावी कुजू देणे ही काटकसर खास नव्हे.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: सांगाडेच कच्चे का बांधावेत? तो आम्हास मान्य आहे. अनुदानाची रक्कम पदरात पडावी म्हणून पातळ नळ्या आणि उथळ पाये खपवणारे कंत्राटदार गावोगाव आहेत. वाऱ्याच्या दिशेचा विचार, पश्चिमेला वारारोधक झाडांची रांग, पायाची खोली, यांची तपासणी अनुदान देण्यापूर्वी कसून झाली पाहिजे. पण उत्तम सांगाडाही एका मर्यादेपलीकडच्या वाऱ्यात टिकत नाही. म्हणून मजबुतीचा आग्रह धरतानाच पडझडीनंतरच्या व्यवस्थेचाही आग्रह धरावा लागेल.

ही व्यवस्था कशी असावी? आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांपैकी एकही अव्यवहार्य नाही.

पहिली, पावसाळ्यापूर्वीच शासनाने लेखी आदेश काढून जाहीर करावे की वादळानंतर शेतकऱ्याने तत्काळ पडझड आवरावी. सरपंच व दोन शेजारी यांच्या समक्ष काढलेली छायाचित्रे पंचनाम्याइतकीच ग्राह्य धरली जातील. आणि सांगाडा वाचविण्यासाठी कापलेला कागदही नुकसानीत गणला जाईल. ह्या मागणीला एक पैसाही लागत नाही.

दुसरी, ज्या तालुक्यांत अशी शेती दाट आहे, तेथे बाजार समितीच्या किंवा सहकारी संस्थेच्या गोदामात शेडनेट, बांबू, पंप व औजारे यांचा सामाईक साठा असावा. वादळानंतर ते उसने न्यावे, काम झाल्यावर परत करावे. एका गावाची गरज सरली की तीच शेडनेट दुसऱ्या गावी जाईल. पवन मावळातील त्या शेतकऱ्याला जे मेहुण्याकडून मिळाले, ते प्रत्येकाला संस्थेकडून मिळावे, एवढेच यात आहे.

तिसरी, वादळानंतरच्या पडझड आवरण्याच्या आणि रोपे सावरण्याच्या कामाची पहिल्या दहा दिवसांची मजुरी लहान धारकांच्या बाबतीत सार्वजनिक निधीतून थेट मजुरांना द्यावी, आणि ग्रामपंचायतीने अशा मजुरांची नोंदवही ठेवावी. ही कल्पना ह्या राज्याला परकी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळातील अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना वाढविली, १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवून शहरातील पगारदारांकडून तिच्यासाठी पैसा उभा केला, आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. संकटकाळी दान देण्यापेक्षा उपयुक्त काम व त्याचे दाम देणे, हे तत्त्व वि. स. पागे यांच्यासारख्यांनी येथेच रुजविले. दुष्काळात माती-बांध घालणारे हात वादळात रोपे का सावरणार नाहीत?

चौथी, संरक्षित शेतीची मदत हेक्टरावर न मोजता चौरस मीटरवर मोजावी, सांगाडा, कागद व रोपे यांचा स्वतंत्र हिशेब करून. मात्र ती पहिल्या २००० चौरस मीटरपुरतीच मर्यादित ठेवावी. त्यापलीकडे ज्याची ऐपत आहे त्याने आपला विमा आपण उतरवावा. रोपे पुन्हा फुलावर येईपर्यंत लहान धारकाच्या कर्जाचे हप्ते व्याजवाढीविना पुढे ढकलावेत.

पाचवी व कायमची, शेतकऱ्यांच्या परस्पर-साहाय्यावर उभी असलेली विमा व्यवस्था. जपानने १९४७ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या परस्पर विमा संस्था उभारल्या आणि १९७९ पासून हरितगृहांचा सांगाडा व आतील पीक ह्यांना त्या छत्राखाली पूर्णपणे घेतले. हप्त्याचा साधारण निम्मा भार सरकार उचलते. वारंवार वादळे सोसणाऱ्या त्या देशाने हा प्रश्न नफेखोर कंपन्यांवर सोडला नाही. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला असे पाऊल टाकणे अशक्य का वाटावे?

ह्या मागण्यांसाठी तालुका कचेऱ्यांवर जाणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि ते वादळ येऊन गेल्यावर करून भागणार नाही. उन्हाळ्यातच करावे लागेल. जाताना केवळ सातबारा असलेल्यांना घेऊन जाऊ नये. त्या सात बायांसारख्या ज्यांचा बुडालेला रोज कोणत्याही कागदावर लिहिला गेला नाही, त्यांना पुढे ठेवून जावे. रोपे कशी वाचवावीत हे त्या उत्तम जाणतात. त्यांच्या ज्ञानाला दाम आणि त्यांच्या नावाला पंचनाम्यात एक रकाना मिळाला, तर पुढच्या वादळात छप्पर उडाले तरी त्याखालची रोपे जगतील, आणि त्या रोपांवर जगणारी माणसेही.